नाशकात २६ हजारांत दोघांचं भागेल का?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत नोकरी लागतेय. पीएफ कापून हातात २६ हजार. येवल्याहून नवरा-बायको दोघंच येतोय. तिला गंगापूर रोड हवाय. जमेल?

उत्तर १: गंगापूर रोड विसरा दादा, निम्मा पगार घरमालकाच्या घशात जाईल. सिडको नाहीतर पाथर्डी फाटा बघा, कंपनी जवळ, पेट्रोल वाचतं. मी सिडकोत वन आरकेला साडेसहा देतो, डिपॉझिट वेगळं. किराणा, गॅस, मोबाईल मिळून नऊ-दहा. भाजीचं टेन्शन नाही, रात्री उशिरा मेथी पडेल भावात मिळते. खिसा कापतात ते गावाकडचे पाहुणे आणि रविवारची मिसळ! (मिसळ मी सोडणार नाही.)

उत्तर २: प्रोफेशनल टॅक्स धरलात? महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००.

प्रश्नकर्ता: धरलाय. सिडकोत पाणी कसं?

उत्तर १: घर बघताना शेजारणीला विचारा, एजंटला नको.