मुंबईत कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप हवी आहे, ४१ मेल पाठवूनही उत्तर नाही

केतकी_लॉ
नमस्कार. डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने मुंबईतल्या चांगल्या कॉर्पोरेट फर्ममध्ये इंटर्नशिप करायची आहे. ४१ फर्मना मेल केला, तीन आठवडे झाले, एकाचंही उत्तर नाही. मार्क चांगले आहेत, मूट (अभिरूप न्यायालयाची स्पर्धा) केलंय. कॉलेजची प्लेसमेंट सेल नावापुरती. ओळखीशिवाय काहीच होत नाही का? रविवारपर्यंत घरी काय ते सांगायचंय, कृपया लवकर सांगा.

फोर्टकर
कितवं वर्ष? कोर्स तीन वर्षांचा की पाच? कॉलेज कुठल्या गावात? फर्मच्या कुठल्या विभागासाठी अर्ज केलात?

अ‍ॅड_देशमाने
बाळ, वीस वर्षं जिल्हा न्यायालयात आहे म्हणून सांगतो. आत्ता एखाद्या सिनियरकडे बस. जामिनाचे अर्ज लिही, उलटतपासणी ऐक, कारकुनाशी बोलायला शीक. करार काय, पुढे वाचता येतील.

केतकी_लॉ
सर, मला कॉर्पोरेटच करायचं आहे. कोर्टात बसून झालंय. फोर्टकर, पाच वर्षांचा.

निशिगंध
पाचातलं कितवं, ते राहिलंच. मोठ्या फर्म चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना आधी घेतात, कारण पुढे नोकरीला कुणाला घ्यायचं ते त्यातून ठरतं. डिसेंबरच्या जागा बऱ्याच ठिकाणी कित्येक महिने आधी भरतात. आणि काही फर्म मेल उघडतही नाहीत, वेबसाइटवरचाच फॉर्म लागतो. तो भरलात का?

केतकी_लॉ
तिसरं. कोल्हापूर. काही ठिकाणी फॉर्म होता, पण मी सगळ्यांना मेलच केला.

जुना_आर्टिकल्ड
इंटर्नशिपच्या मागे धावण्यापेक्षा आर्टिकलशिप करा. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीकडे नोंदणी, सॉलिसिटरच्या (कागदपत्रं, करार बघणाऱ्या वकिलाच्या) हाताखाली तीन वर्षं, मग परीक्षा. क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. मुंबईत हे काम शिकायची रीत ही आहे. आमच्या साहेबांनी माझा पहिला खरेदीखताचा मसुदा सात वेळा परत पाठवला होता. चार आठवड्यांसाठी आलेल्या पोरांवर इतकी मेहनत कोण घेतं?

निशिगंध
ती कोल्हापुरात तिसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षं मुंबईत कशी हजर राहणार? १९७६ च्या दुरुस्तीनंतर हायकोर्टात सॉलिसिटरमार्फतच जायची सक्तीही उरली नाही. मी नऊ वर्षं एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विलीनीकरणं) करते, सॉलिसिटर नाही. कुणी कधी विचारलं नाही.

जुना_आर्टिकल्ड
तुम्हाला विचारलं नसेल. जमिनीच्या टायटलच्या दाखल्यावर सॉलिसिटरची सही मागणारे पक्षकार मी आजही बघतो.

थेम्सकाठी
लंडनहून लिहितोय. इथे दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट असतं आणि मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधीच माणसं निवडतात. त्याआधी व्हेकेशन स्कीम (सुट्टीतली इंटर्नशिप), त्यासाठी बऱ्याच ठिकाणी वॉटसन-ग्लेझर ही तर्कक्षमतेची चाचणी. २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे, तिच्या पहिल्या भागात १८० प्रश्नांचे दोन पेपर. भारतात सनद घेऊन आलेल्या वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. एलएलएमला पैसे घालण्याआधी हे नीट समजून घ्या. मी आधी एलएलएम केलं, मग हे कळलं. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

केतकी_लॉ
मला लंडन नको, लोअर परळ हवंय! आणि देशमाने सर, रागावू नका, पण दोन सुट्ट्या मी इथल्या एका वकिलांकडे जमिनीच्या मालकीचे सर्च रिपोर्टच करत होते. सब-रजिस्ट्रारकडून इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्तांचे उतारे) काढायचे, तीस वर्षांचे फेरफार लावायचे, वारसनोंदी जुळवायच्या. कॉर्पोरेटला त्याचा काय उपयोग? सीव्हीतही घातलं नाही.

फोर्टकर
थांबा. हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

मी एका फर्मच्या रिअल इस्टेट टीममध्ये आहे. कंपनी चाकणला कारखान्यासाठी किंवा भिवंडीला गोदामासाठी जमीन घेते, तेव्हा ड्यू डिलिजन्सची (खरेदीआधीच्या तपासणीची) पहिली फाइल मराठीत येते. सातबारा, हस्तलिखित फेरफारांचे पुसट स्कॅन. 'इतर हक्क'मध्ये 'कु. का. कलम ४३ चे बंधनास पात्र' असं लिहिलेलं असतं. ती ओळ नजरेतून सुटली तर पुढचा सगळा व्यवहार अडकतो, कारण कूळ कायद्याने मिळालेल्या त्या जमिनीच्या विक्रीवर कायद्याची बंधनं असतात. त्यातून कंपनी शेतकरी नाही, म्हणजे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घालणारं त्याच कायद्याचं कलम ६३ आलंच. मग भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) आहे का, बहिणींची नावं कुठल्या फेरफाराने कमी झाली, हक्कसोड नोंदवलंय का? आमच्याकडे येणाऱ्या हुशार मुलांतल्या अनेकांना देवनागरी वाचता येते, फेरफार वाचता येत नाही. भाषांतर करून घेण्यात दोन दिवस जातात. तुम्ही ते सुट्टीत करत होतात, आणि सीव्हीत मूट लिहिलंत.

मेलचा मजकूर इथे टाका.

मोडीवेडा
केतकीताई, मोडी शिका! जुने हक्कनोंदीचे कागद मोडीत सापडतात आणि वाचणारे मिळत नाहीत. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पडलेत. महिनाभर रोज तासभर बसलात तर अक्षर ओळखीचं होतं.

केतकी_लॉ
मेल असा होता: 'आदरणीय महोदय/महोदया, मी एक मेहनती विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित संस्थेत दोन महिने काम करण्यास उत्सुक आहे. सीव्ही जोडला आहे.' इंग्रजीत. सगळ्यांना एकदमच पाठवला.

निशिगंध
एकदम म्हणजे? ४१ पत्ते एकाच मेलमध्ये?

केतकी_लॉ
हो. 'टू'मध्ये. का?

निशिगंध
म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या चाळीस फर्मची नावं दिसली. ओळख नाही म्हणून उत्तर आलं नाही असं धरून बसू नका. शिवाय दोन महिने मागितलेत. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप चालत नाही. पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान वीस आठवडे लागतात, ते वाटून करायचे असतात. चार आठवडे मागा, तारखा लिहा.

फोर्टकर
सहा-सातच फर्म निवडा. फोर्टातल्या जुन्या फर्मही धरा, लोअर परळच्या नादात त्यांना सोडू नका. प्रत्येकीला वेगळा मेल, जिथे फॉर्म आहे तिथे फॉर्म. पहिल्याच वाक्यात लिहा की सातबारा, फेरफार आणि इंडेक्स २ वरून तुम्ही किती सर्च रिपोर्ट तयार केलेत. खरा आकडा द्या. एखाद्या रिपोर्टचा नमुना विचारला तर पक्षकाराची नावं, गट नंबर काढूनच द्या, तेही ज्या वकिलांकडे काम केलंत त्यांना विचारून.

अ‍ॅड_देशमाने
त्या वकिलांचं शिफारसपत्रही घे. जिल्हा कोर्टातलं काम वाया जात नाही, मी हेच म्हणत होतो.

परळची_सून
राहण्याचं कुणी बोललंच नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. लोअर परळला जायचं तर मध्य रेल्वेने करी रोडला उतरून चालत जा, दादरला गाडी बदलायची गरज नाही. वर्किंग विमेन्स हॉस्टेलला आधी फोन करा, इंटर्नला घेतात का ते विचारून घ्या. स्टायपेंड सगळीकडे मिळत नाही, तो मिळेल असं धरून खर्च मांडू नका.

केतकी_लॉ
सगळ्यांचे आभार. अकरा रिपोर्ट होते, मोजले. सात वेगळे मेल काल रात्री पाठवले, देशमाने सर म्हणाले तसं पत्रही मिळालं. आज दुपारी फोर्टातल्या एका फर्मचं उत्तर आलंय. डिसेंबर भरलाय, ६ जानेवारीपासून चार आठवडे जमेल का विचारतायत, कॉलेजचं पत्र मागितलंय. पण आमचं सेमिस्टर २ जानेवारीला सुरू होतं आणि ७० टक्के हजेरी लागते. पत्र मागायच्या आधी प्राचार्यांना हजेरीचं सांगू की नंतर? फर्मला आज रात्रीपर्यंत कळवायचंय.

फोर्टकर
आधी सांगा. आणि सेमिस्टरचे एकूण किती दिवस भरतात ते इथे लिहा.