आर्सेनिकचे पाणी पिऊन वाढलेली आई आणि तिचे बाळ : धोका कितपत पुढे जातो?

जुळेसोलापूरकर :
नमस्कार. माझ्या वहिनीचे माहेर बिहारमधील भोजपूर जिल्ह्यात, गंगेच्या काठी आहे. तिचे लग्नापूर्वीचे सारे आयुष्य अंगणातल्या हातपंपाच्या पाण्यावर गेले. त्या पाण्यात आर्सेनिक जास्त असल्याचे पुढे तपासणीत निघाले, आणि तिच्या वडिलांच्या तळहातांवर आजही कडक, खरखरीत गाठी आहेत. वहिनी काही वर्षांपासून सोलापुरात आमच्याकडेच राहते व तिला आता पाचवा महिना चालू आहे. ते विष नातवंडात उतरेल, अशी धास्ती माझ्या आईने घेतली आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून वहिनीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवण्याचे घाटत आहे. तिच्या रक्ताची किंवा केसांची तपासणी करावी का? आणि आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याबद्दलही अशीच भीती बाळगावी का?

निवृत्त_रसायनशिक्षक :
आपल्या मातोश्रींच्या मनात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. पूर्वी प्यायलेले आर्सेनिक आणि गरोदरपणात प्यायले जाणारे आर्सेनिक यांचे बाळावरील परिणाम सारखे नाहीत. पाण्यातून पोटात गेलेल्या आर्सेनिकवर यकृतात प्रक्रिया होते आणि त्याचा बहुतांश भाग काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे लहानपणीच्या पाण्यातले आर्सेनिक आज वारेतून बाळापर्यंत जावे, इतके शरीरात उरलेलेच नसते. याच कारणाने तपासणीचाही उपयोग नाही. रक्त व लघवी अगदी अलीकडचे सांगतात, केस व नखे फार तर मागचे काही महिने.

गरोदरपणीच तसे पाणी पोटात जात असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे, कारण वार आर्सेनिकला अडवत नाही आणि नाळेच्या रक्तातील त्याचे प्रमाण जवळजवळ आईच्या रक्ताइतकेच आढळते. याचा सर्वांत ठळक पुरावा चिली देशातील आन्तोफागास्ता शहराचा आहे. 1958 मध्ये त्या शहराला नव्या नद्यांचे पाणी मिळाले, ज्यात दर लिटरमागे 800 मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते (आजची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे), आणि शुद्धीकरण केंद्र 1970 च्या सुमारास सुरू झाले. या मधल्या काळात जी मुले गर्भात होती किंवा नुकती जन्मली होती, ती तिशी-चाळिशीत पोहोचल्यावर फुप्फुसाचा कर्करोग आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार यांमुळे होणारे मृत्यू त्यांच्यात उर्वरित चिलीच्या कित्येक पट निघाले. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुले बाळपणी आजारी दिसतच होती असे नव्हे, आणि मला यातली हीच बाब सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

राहिला प्रश्न नातवंडांचा. गाभण उंदरिणीला आर्सेनिक दिल्यावर तिच्या नातवंडांच्या पिढीत यकृताच्या गाठी वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माणसांत मात्र आजीने प्यायलेल्या पाण्याचा परिणाम नातवंडांत उतरतो, असे सिद्ध झालेले नाही.

खडक_आणि_पाणी :
बोअरपुरते लिहितो. गंगेच्या खोऱ्यातील आर्सेनिक हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या संयुगांना चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायू नसला की जिवाणूंमुळे ते लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. आपल्याकडे काळा पाषाण आहे, तसा जाड तरुण गाळ नाही. सोलापूरच्या बोअरची तपासणी जरूर करावी, पण ती क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्यासाठी.

बार्शीची_डॉक्टर :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सगळी चर्चा बाळाभोवती फिरते आहे आणि वहिनी बाजूला पडते आहे. शरीरातून आर्सेनिक निघून गेले तरी त्याने केलेली इजा निघून जात नाही. आन्तोफागास्तात पाणी शुद्ध झाल्यावरही फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढे वीसएक वर्षे चढतच राहिले. म्हणून वहिनींनी आपला हा पूर्वेतिहास प्रत्येक डॉक्टरांना सांगावा, तळहात-तळपायांवर गाठी किंवा अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती त्यांच्यासमोर अजिबात नको, कारण धूर आणि आर्सेनिक मिळून फुप्फुसाला होणारा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा असतो.

माहेरी पाठवण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : त्या हातपंपाचे पाणी आजही वापरात असेल, तर पाठवू नये. विहीणबाईंनाच दोन-तीन महिन्यांसाठी सोलापूरला बोलवावे. पाठवणे अटळच असेल, तर पिण्याचे आणि स्वयंपाकाचेही पाणी तपासलेल्या स्रोताचे हवे. तसल्या पाण्यात शिजवलेला भात आर्सेनिक शोषून घेतो. बाळाला अंगावरचे दूध निर्धास्तपणे पाजावे, कारण आईच्या दुधात आर्सेनिक फारच थोडे उतरते. वरचे पावडरचे दूध त्या पाण्यात कालवणे हे मात्र थेट बाळाच्या तोंडात आर्सेनिक देणे आहे. पाणी उकळूनही काही साधत नाही, उलट वाफ गेल्याने प्रमाण थोडे वाढते.

जुळेसोलापूरकर :
सर्वांचे आभार. विहीणबाईंना बोलावण्याची कल्पना आईला लगेच पटली, परंतु त्यांच्या घरी म्हशी आहेत आणि मागे बघायला कोणी नाही, त्यामुळे त्यांचे येणे नक्की नाही. तिकडे आरओ बसवून दिला तर चालेल का?

निवृत्त_रसायनशिक्षक :
चालेल, पण डोळे झाकून नव्हे. भूजलातील आर्सेनिक दोन रूपांत असते. त्यांपैकी आर्सेनेट आरओच्या पडद्यावर चांगले अडते, तर आर्सेनाइट, जे गंगेकाठच्या प्राणवायूविरहित भूजलात बरेच असते, ते तितके अडत नाही. म्हणून यंत्र बसवल्यावर पंपाचे पाणी आणि यंत्रातून गाळून आलेले पाणी, असे दोन्ही नमुने एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्यावेत आणि वहिनी तेथे पोहोचण्यापूर्वी अहवाल हाती घ्यावा. गाळलेल्या पाण्यातही प्रमाण 10 मायक्रोग्रॅमच्या वर निघाले, तर म्हशींची सोय शेजाऱ्यांकडे लावण्याचा विषय विहीणबाईंपाशी पुन्हा काढावा.