सव्वादोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडत नाही, घरी काय करून घ्यावं?

सांखळीची_आई

नमस्कार. येत्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा होईल. परवा रात्री कागद घेऊन बसले आणि त्याचे शब्द लिहून काढले. चौदा झाले, त्यातले तीन म्हणजे भूभू, हम्मा आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हॉर्नचं पों पों. दोन शब्द एकत्र अजून एकदाही नाहीत. काही हवं असलं की माझं बोट धरून फ्रीजपाशी नेतो आणि नुसतं ऊं ऊं करतो. समजतं मात्र सगळं. ‘चप्पल आण’ म्हटलं की बाबांची चप्पल बरोबर आणतो. मागून हाक मारली की कधी बघतो, कधी बघत नाही, खेळात गुंग असतो.

मी गडहिंग्लजची, त्याच्याशी मराठीत बोलते. सासरी सगळे कोंकणी. खाली भाड्याने राहणारं कुटुंब हिंदी बोलतं. आतेसासूबाई म्हणतात, तीन भाषांनी मूल गोंधळलंय, तू मराठी बंद कर. सासूबाई म्हणतात, याचा बाप साडेतीन वर्षांनी बोलला, घाई कशाला. मी रोज संध्याकाळी प्राण्यांचा तक्ता समोर धरून ‘म्हण हत्ती, म्हण ससा’ करते, तर तो हाताने तक्ता पालथा घालतो आणि पळतो. जूनपासून सर्दी काही सुटत नाही, त्यामुळे चिडचिडही आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

पेडण्याची_मावशी

आमच्याकडे वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायचे. मुलगे उशिराच बोलतात हो, काळजी करू नका.

बोरीचा_बाबा

ताई, तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. मागून हाक मारली की कधी बघतो, कधी नाही. आणि जूनपासून सर्दी. आधी कान तपासून घ्या. घरचा सराव त्यानंतर, किंवा फार तर बरोबरीने.

आमची मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती पावणेदोन वर्षांची असताना आम्ही तिला आठ महिने हट्टी म्हणत होतो. रात्री तोंड उघडं टाकून झोपायची, घोरायची. कान कधी दुखला नाही, वाहिला नाही, म्हणून कानाचा विचारच आला नाही. आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथेही ‘वाट बघा’ एवढंच सांगितलं. शेवटी निघालं ते असं की सर्दीनंतर पडद्याच्या आत पाणी साचून राहिलं होतं. अशा मुलाला ऐकू येतच नाही असं नसतं. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं येतं तसं येतं, आज थोडं बरं, उद्या कमी. ‘आ’, ‘ओ’ पोचतात, स, त, फ हरवतात. मग मूल शब्द उचलणार कसा? चप्पल मात्र आणतं, कारण आपण बोलताना चपलेकडे बघतो, हात करतो.

पडद्यामागे पाणी आहे की नाही हे बघायला टिंपॅनोमेट्री करतात. कानात मऊ बोंडी ठेवून दाब बघतात, दुखत नाही, काही सेकंदांचं काम. ऐकू किती येतं त्यासाठी बेरा नावाची तपासणी असते, ती झोपेत करावी लागते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभाग आहे. पाणी पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपोआप जातं, म्हणून डॉक्टर थांबून पुन्हा बघतात. आमच्या मुलीचा एक कान असाच मोकळा झाला, दुसऱ्यात बारीक नळी घालावी लागली.

मावशी, तुमची माया कळते, पण वेखंड नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरं, पण दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडायला लागावेत अशी अपेक्षा असते. ते झालं नसेल तर मुलगा असो वा मुलगी, थांबू नये. स्पीच थेरपिस्टची वेळ घ्या, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी आहे का ते विचारून घ्या.

मराठी बंद करू नका. एकाहून जास्त भाषांनी बोलायला उशीर होत नाही. तो ‘उदक’ही म्हणत असेल आणि ‘पाणी’ही, तर ते दोन शब्द धरा. पों पों सुद्धा शब्दच, कारण त्याने तो पोदेरासाठीच ठेवलाय. आईने आपल्या भाषेत बोलणं सोडलं की ती कमीच बोलते, आणि तोटा मुलाचा होतो.

आता तक्ता. तो कपाटात ठेवून द्या, ही माझी कळकळीची विनंती. ‘म्हण’ म्हटलं की ती परीक्षा होते. आमची मुलगी ‘म्हण’ ऐकलं की ओठ घट्ट मिटायची. आम्हाला शिकवलं गेलं ते असं: मूल ज्याच्याकडे बघतंय त्याबद्दल आपण बोलायचं, जमिनीवर बसून, तोंड त्याच्या तोंडासमोर ठेवून, तीन-चार शब्दांत. आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यांत कठीण गेलं.

आमच्याकडे सकाळी साडेसहाला पोदेर येतो. पोयांची (पोय म्हणजे आमच्याकडचा पाव) पिशवी घरात आली की मी लगेच गाठ सोडून तिच्या हातात पोय द्यायचो. एके दिवशी गाठ तशीच ठेवली आणि पिशवी तिच्यासमोर पाटावर ठेवून बसलो. तिने पिशवीकडे बघितलं. गाठ ओढली. माझ्याकडे बघितलं. मी मनात आकडे मोजत होतो, सातावर आलो तेव्हा ती म्हणाली, ‘तोल’. सोड! मी एवढंच म्हटलं, ‘पिशवी सोड’, आणि सोडली. पुन्हा म्हणायला लावलं नाही. तिच्या एका शब्दाला आपला एक जोडून परत द्यायचा, बस. मग साबणाच्या फुग्यांची डबी घट्ट लावून देणं, एक मोजा देऊन दुसरा हातात ठेवणं, ‘केळं हवं की पोय?’ असं दोन्ही दाखवून विचारणं, असं घरभर सुरू झालं. पण रडवेपर्यंत अडवायचं नाही. दहापर्यंत मोजून झाले की देऊन टाकायचं.

जेवताना मोबाईल असेल तर तो आजपासून बंद करा. पहिले चार दिवस त्रास होईल.

अंगणवाडीताई_डिचोली

बोरीच्या बाबांनी कानाचं सांगितलं ते अगदी बरोबर. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तुमच्या सेविकेला सांगून मुलाचं नाव घालून ठेवा. आणि चवथ येतेय, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना त्याला कडेवर घेऊन उभ्या राहा. चिबूड, तोरिंग, सुपारीचा घोस, नारळांचा घड, ज्याला हात लावेल त्याचं नाव सांगा. ‘हे काय?’ असं विचारू नका, नुसतं सांगा. वास घेऊ द्या.

सांखळीची_आई

तुमचं वाचून रात्री त्याच्याजवळ झोपून लक्ष दिलं. तोंड उघडंच असतं आणि घोरतो, मला वाटायचं सर्दीने. बांबोळीला जाऊन आलो, पडद्यामागे दोन्ही बाजूंना पाणी आहे. बेरासाठी पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला बोलावलंय आणि झोपेत आणा म्हणाले. हा तर दुपारी एकशिवाय झोपत नाही. तुम्ही काय केलं होतं?

बोरीचा_बाबा

बरं झालं लगेच गेलात. आदल्या रात्री नेहमीपेक्षा दोन तास उशिरा झोपवा आणि पहाटे पाचला उठवा. सांखळीहून येताना गाडीत डोळा लागू देऊ नका, दोघांपैकी एकाने मागे बसून त्याला बोलतं ठेवा, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागा होतो. आमची पहिली खेप अशीच फुकट गेली. दूध-खाणं तिथे पोचल्यावरच द्या. पण झोपेचं औषध देणार असतील तर खाण्याचं आधी त्यांनाच विचारा. त्याची रोजची गोधडी बरोबर घ्या.