तिसरीची हातच्याची वजाबाकी: काड्यांवर येते, पाटीवर आले की ३५

खडूची_धूळ (यवतमाळ जिल्हा)

द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. तिसरी-चौथी एकाच खोलीत. तिसरीत ११, चौथीत ९. प्रश्न तिसरीचा आहे. बिनहातच्याची वजाबाकी सगळ्यांना येते. हातच्याची आली की ११ पैकी ७ जण ५२ − २७ = ३५ लिहितात. गंमत अशी, की काड्यांचे गठ्ठे देऊन बसवलं तर तीच मुलं बरोबर २५ काढतात. काड्या बाजूला ठेवून पाटी घेतली की परत ३५. आणि ४०३ − १२८ असं मधे शून्य आलं की विचारायलाच नको.

कापूस वेचणी जोरात आली की हजेरी पातळ होते, त्यामुळे हे दिवाळीच्या आत बसायला हवं. तिसरीला रोज सलग २० मिनिटांच्या वर देता येत नाही, तेवढ्या वेळात चौथी लेखनाला बसते. तर चूक नेमकी कुठे आहे हे कसं ओळखायचं आणि काड्यांवरून पाटीवर कसं आणायचं? शिवाय 'हातचा' म्हणायचं की 'उसना'? पुस्तक एक म्हणतं, घरचे दुसरंच म्हणतात.

आकडेमोड

सर, आधी ते ५२ − २७ फळ्यावरून काढून टाका. त्या उदाहरणावरून काहीही कळत नाही, कारण दोन अगदी वेगळ्या चुकांचं उत्तर तिथे एकच येतं. एक मूल सरळ मोठ्यातून लहान काढतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३, झाले ३५. दुसरं मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ गेले ५ हेही बरोबर करतं, पण वरचा ५ खोडून ४ करायचं राहून जातं. ५ मधून २ गेले ३. त्याचेही ३५. पहिल्याला 'वरच्यातून खालची काढायची' हेच उमजलेलं नाही, दुसऱ्याची नुसती नोंद राहते. दोघांना एकच औषध दिलं तर एकाला लागू पडणार नाही. एककाच्या घरातल्या दोन अंकांत ५ चा फरक असला की असंच होतं, म्हणून ६३ − २८ किंवा ९४ − ५९ ही उदाहरणंही चाचणीला कुचकामी.

त्याऐवजी ६१ − २८ द्या. बरोबर उत्तर ३३. ४७ आलं तर मोठ्यातून लहान काढलंय. ४३ आलं तर दशक सुटा केला पण वरचा ६ तसाच राहिला. २३ आलं तर घरची आणि शाळेची रीत एकत्र झालीय. जुन्या रीतीत वरचा अंक खोडत नाहीत. '११ मधून ८ गेले ३, हातचा १, २ नि १ तीन, ६ मधून ३ गेले ३' असं खालच्यात मिळवतात. मूल शाळेचं ऐकून वरचा १ कमी करतं आणि आजोबांचं ऐकून खाली १ वाढवतं, म्हणजे एकाच दशकाचा दोनदा हिशेब.

दुसरं उदाहरण ४० − १७. बरोबर २३. शून्यातून जात नाही म्हणून शून्यच लिहिणाऱ्याचे ३०, उलटं करणाऱ्याचे ३७, दशक कमी न करणाऱ्याचे ३३. तिसरं ५८ − २३, ज्यात हातचा लागतच नाही. आठवडाभर नुसती हातच्याचीच उदाहरणं दिली की काही मुलं इथेही दशक फोडतात: १८ मधून ३ गेले १५, ४ मधून २ गेले २, आणि उत्तर २१५. हे मुलांचं नाही, आपल्या सरावाचं पाप. रोजच्या दहात तीन-चार बिनहातच्याची मिसळायचीच.

तीन उदाहरणं, पाटीवर, पाच मिनिटं. वहीत एका रांगेत मुलाचं नाव आणि त्याची तीन उत्तरं लिहून घ्या. बरोबर-चूक नाही, उत्तर लिहायचं. त्यावरून गट आपोआप पडतात.

तुराटी (अकोला)

काड्यांवर येते नि पाटीवर येत नाही याचं कारण काड्यांतच आहे गुरुजी. लेकराला ५२ काड्यांतून २७ काढ म्हटलं की ते आधी दोन गठ्ठे उचलते, मंग सात सुट्या. म्हणजे दशक आधी. पाटीवर आपण म्हणतो एकक आधी. वरून, उरलेल्या काड्या ते पहिल्यापासून मोजते, एक-दोन-तीन करत पंचवीस. घर पाहायची त्याला गरजच पडली नाही. मंग पाटीवर घरं कशी पाहील?

म्हणून काड्यांचाच खेळ बदलवा. फरशीवर खडूनं दोन घरं आखा, डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या. फक्त वरची संख्या मांडायची. ५२ पण मांडले नि २७ पण मांडले तर लेकरू बेरीज करून मोकळं होते. खालची संख्या पाटीवरच राहू द्या. जोडीत एक काडीवाला, एक पाटीवाला. दर उदाहरणाला अदलाबदल. नियम एकच: पाटीवर लिहिल्याशिवाय काडी हलत नाही. गठ्ठा सोडायचा आहे? पाटीवाला आधी ५ खोडून वर ४ लिहितो, मंग काडीवाला एक गठ्ठा सोडून उजव्या घरात ठेवतो. पाटीवाला २ खोडून १२ लिहितो. सात काढल्या, खाली ५ लिहिले. मंगच गठ्ठ्यांकडे जायचं.

सात काढताना त्या सोडलेल्या दहातूनच काढायला लावा, आधीच्या दोन सुट्यांना हात नाही. दहातून सात गेले तीन, तीन नि आधीचे दोन पाच. यानं बोटं मोजणं सुटते. हातच्याच्या वजाबाकीत एककाच्या घरात येणाऱ्या वजाबाक्या सगळ्या मिळून ४५ च आहेत, १० − १ पासून १८ − ९ पर्यंत. दहाच्या जोड्या पाठ असल्या (१-९, २-८, ३-७, ४-६, ५-५) तर त्या ४५ पैकी एकही वेगळी पाठ करावी लागत नाही. ज्याला ३ चा जोडीदार ७ हे विचार न करता येत नाही, त्याला हातच्याकडे नेऊच नका. रोज पाच मिनिटं नुसत्या जोड्या.

सामान: एका जोडीला ९ गठ्ठे नि ९ सुट्या, ९९ काड्या झाल्या. गठ्ठा खरोखरच सुटतो म्हणून वरच्या जास्तीच्या काड्या लागत नाहीत. तुमच्या ११ ला सहा संच, सहाशे काड्या धरा. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) बुडाकडच्या घेऊ नका, दहाचा गठ्ठा लेकराच्या मुठीत मावत नाही. शेंड्याकडच्या, दहा सेंटिमीटर लांब, नि दोन्ही टोकं फरशीवर घासून बोथट केलेल्या. पऱ्हाटी (कपाशीची काडी) घेऊ नका, वाकडी असते नि साल निघते.

पहिले तीन दिवस असं जोडीनं. पुढचे दोन दिवस काड्या पिशवीत, फक्त उत्तर ताडून पाहायला काढायच्या. सहाव्या दिवशी नुसती पाटी. मधेच कुणाचे ४७ आले तर त्याला पिशवी परत द्या, बाकीच्यांना थांबवू नका.

हो, वही चौकटीची घ्या नि उदाहरणाच्या वर एक ओळ मोकळी सोडायला सांगा. खोडलेल्या अंकावर बारकासा ४ नि त्याला चिकटून १२, हे पुढं लेकराला स्वतःलाच वाचता येत नाही. अर्ध्या चुका अक्षराच्या असतात.

पाटीवरची_रेघ (गडचिरोली जिल्हा)

वरच्या दोघांचं पटलं, पण एक गोष्ट सुटली. तुम्ही उदाहरण तोंडी सांगता की फळ्यावर लिहून देता? 'त्रेपन्न' मध्ये तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. मूल ऐकेल तसं लिहितं, ३५. 'बावन्न वजा सत्तावीस' सांगितलं की काही पाट्यांवर २५ − ७२ उमटतं, आणि मग मोठ्यातून लहान काढण्यावाचून त्याच्याकडे दुसरा मार्ग काय? एकोणतीस, एकोणसाठ हे आणखी अवघड, कारण शब्द पुढच्या दशकाचं नाव घेतो. २९ ऐवजी ३९ येतं. नव्याण्णव पुन्हा वेगळंच, तिथे 'एकोणशंभर' नाही. आणि इथे ज्या घरांत गोंडी किंवा माडिया बोलतात, तिथल्या मुलाला ही नावं बहुतेक शाळेतच पहिल्यांदा नीट ऐकायला मिळतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत गाजलं. टिंगल पुष्कळ झाली. वर्गात मात्र ती रीत फार कामाची आहे, जुनी नावं न सोडता. फळ्यावर ५३ दाखवून 'पन्नास तीन, त्रेपन्न' असं जोडून म्हणायचं. महिनाभर दोन्ही, मग हळूहळू पहिलं गळून पडतं.

सोबत संख्याकार्डं करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर: एककाची ९ कार्डं ५ सेंटिमीटर रुंद, दशकाची (१० ते ९०) १० सेंटिमीटर, शतकाची १५ सेंटिमीटर, उंची सगळ्यांची ६. उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायची. ५० वर ३ ठेवला की शून्य झाकलं जातं आणि ५३ दिसतं. २७ कार्डांत १ ते ९९९ सगळ्या संख्या होतात. अंक कार्डाच्या उजव्या कडेपासून मोजूनच लिहा, मधे लिहिला की जुळत नाही. पहिला संच यामुळेच बहुतेकांचा वाया जातो.

शब्दांचं म्हणाल तर 'उसना' नको. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, आणि काही मुलं खरंच शेवटी तो १ परत मिळवतात. 'हातचा' घरी खाली मिळवायच्या अर्थानं वापरतात. मी 'चिल्लर' म्हणेन. आठवडी बाजारात दहाची चिल्लर कशी होते हे तिसरीच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं: नोट जाते, दहा नाणी येतात, पैसे तेवढेच राहतात.

आकडेमोड

'चिल्लर' चांगला शब्द, पण चाचणीच्या कागदावर 'हातचा' येतो. निदान शेवटच्या आठवड्यात तोही कानावर घाला.

घरची रीत ज्या मुलाला अस्खलित येते आणि उत्तर बरोबर येतं, त्याची मोडू नका. दोन्ही बाजूंना दहा वाढवले की फरक तोच राहतो, ती रीत पूर्ण बरोबर आहे. मनाई फक्त मिसळण्याला.

खडूची_धूळ (यवतमाळ जिल्हा)

६१ − २८ आज दिलं. चार जणांचे ४७, तिघांचे ४३. म्हणजे सातही ३५ वाले एका जातीचे नव्हते. काड्यांचं उद्यापासून. मधल्या शून्याचं सांगा. तीन अंकी गठ्ठे करायला शंभर-शंभर काड्या बांधत बसू का?

तुराटी (अकोला)

शंभराचा गठ्ठा एकदाच बांधून दाखवा, दहा गठ्ठ्यांचा भारा. त्याच्यापुढे काड्या नको, नोटांवर या. पुठ्ठ्याच्या किंवा कागदाच्या, तीन रंगांत: शंभराच्या ९, दहाच्या ९ नि बँकेत १०, एकची नाणी ९ नि बँकेत १०. एकूण ४७ नग. नोट फाडून सुटी होत नाही, बदलवावी लागते, म्हणून बँकेतले वरचे लागतात. एक पोट्टा बँकवाला बसवा.

४०३ म्हणजे शंभराच्या चार नोटा नि तीन नाणी. दुकानदाराला १२८ द्यायचे. आठ नाणी नाहीत. दहाची चिल्लर करावी तर दहाची नोटच नाही. इथं लेकरू स्वतःच म्हणते की आधी शंभर मोडा. शंभराच्या दहा नोटा, त्यातल्या एकीची दहा नाणी. हातात राहिल्या शंभराच्या ३, दहाच्या ९, नाणी १३. पाटीवर तेच खोडून लिहायचं. शून्याचे ९ कुठून आले हे मंग सांगावं लागत नाही.

पाटीवरची_रेघ (गडचिरोली जिल्हा)

बरोबर २७५. ३२५ आलं तर उलटी वजाबाकी. ३७५ आलं तर शून्याचे ९ केले पण ४ चे ३ केले नाहीत. १८५ आलं तर शंभरातून थेट एककाला दिलं, शून्य ओलांडून, आणि मग दशकासाठी पुन्हा शंभर मोडला. या तिसऱ्याला नोटा द्याच, त्याला तोंडी समजावून उपयोग नसतो.

नोटा झाल्यावर एक सोपी वाट आहे. संख्याकार्डांवर ४०३ दाखवून विचारा, यात एकूण दशक किती? शून्य म्हणणारे निघतीलच. चाळीस, शंभरात बांधलेले. त्यातला एक मोडला, ३९ उरले. म्हणून '४०' एकदमच खोडून वर '३९' लिहायचं आणि ३ चे १३. १३ मधून ८ गेले ५, ३९ मधून १२ गेले २७. खोडाखोड निम्मी होते. पण ज्याला ३९ − १२ झटकन येतं त्यालाच द्या.

आकडेमोड

आणि ५०० किंवा १००० सारख्या संख्यांना आणखी सोपं: दोन्हींतून एक-एक कमी करा. ५०० − १६३ चं झालं ४९९ − १६२, उत्तर ३३७, हातचा कुठेच नाही. चौथीच्या नऊ मुलांना हे देता येईल, तिसरीला यंदा नको.

खडूची_धूळ (यवतमाळ जिल्हा)

एक बारीकसं. रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, जूनमध्ये पेटी उघडली की सगळे गठ्ठे सुटलेले असतात.

तुराटी (अकोला)

सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेली जुनी ट्यूब मागून आणा, कुणी पैसे घेत नाही. कात्रीनं अर्धा-अर्धा सेंटिमीटर रुंद कड्या कापा. दोन ट्यूबांत सहा संचांचे ५४ गठ्ठे होऊन भरपूर उरतात. पेटीत ठेवण्याआधी काड्या दोन दिवस कडक उन्हात वाळवा नि कडुनिंबाचा पाला टाका, नाहीतर तुराटीला भुंगा लागते नि पेटीत पीठ सापडते.