हट्ट पुरवता येतो, हेका नाही

'हट्टी' आणि 'हेकट' एकच का? कोशात दोन्हींपुढे 'दुराग्रही' सापडेल, पण बोलताना आपण त्यांची अदलाबदल करत नाही.

क्रियापदं बघा. हट्ट धरतात, करतात आणि मुख्य म्हणजे पुरवतात. हट्टाला काहीतरी हवं असतं: फुगा, सायकल, चार दिवस माहेरी जाणं. ते मिळालं की हट्ट संपला. हेका कुणी पुरवल्याचं ऐकलंय? तो धरतात, चालवतात, झालंच तर सोडतात. हेकट माणसाला बऱ्याचदा काही मिळवायचं नसतंच, फक्त हलायचं नसतं. धाकट्याने हातभर बांध सोडायची तयारी दाखवली तरी 'मोजणीच आणा' म्हणून बसलेले काका हेकट. त्यांना हट्टी म्हटलं तर उगाच लाडावल्यासारखं वाटेल.

कारण हट्टात लाड मिसळलेला चालतो. 'बालहट्ट' हसत हसत म्हणता येतं. 'बालहेका' असा शब्दच नाही. मूळ संस्कृत 'हठ' म्हणजे बळजोरी, हठयोगातला तोच. मराठीने त्याची धार बरीच बोथट केली.

'जिद्द' आली अरबीतून, फारसीमार्गे. तिकडे अर्थ विरोध, उलट बाजू. हिंदीत 'ज़िद' अजून हट्टाजवळच आहे, म्हणून 'ज़िद्दी बच्चा' ही तक्रार असते. मराठीत 'जिद्दी मुलगी' म्हटलं की दहावीच्या निकालाची बातमी डोळ्यांपुढे येते. 'जिद्दीला पेटणे'मध्ये मात्र जुना विरोध धुमसतोय, समोर कुणीतरी असल्याशिवाय माणूस पेटत नाही. हिंदीवरून उतरवलेल्या जाहिरातींत 'तुमचं मूल जिद्द करतं का?' असं वाचलं की कपाळाला हात लागतो. करत असेल तर पेढे वाटा!

'अट्टाहास'ची गंमत वेगळीच. संस्कृतात 'अट्टहास' म्हणजे गडगडाटी हसणं. आपण तो 'एवढा अट्टाहास कशाला?' असा वापरतो. हसण्याचा मागमूस नाही. हा शब्द बहुधा दुसऱ्याच्या खटाटोपावर टाकला जातो, स्वतःच्या खटाटोपाला आपण चिकाटी म्हणतो.

'हेकेखोर' हा हेकटाहून कडक. 'भांडखोर', 'चुगलखोर' यांतला तोच '-खोर', म्हणजे सवयच जडलेली. वर्तमानपत्रांना 'प्रशासनाचा हेकेखोरपणा' फार आवडतो. घरात आजोबा हेकट असतात, हेकेखोर म्हटलं तर भांडण होईल.

राहिला 'अडेलतट्टू'. तट्टू चालता चालता वाटेतच अडतं, तेव्हा या शब्दाला कुणाचं तरी अडलेलं काम लागतं. एकटा माणूस स्वतःपुरता कितीही अडून बसला तरी तो अडेलतट्टू नव्हे. सोसायटीच्या पुनर्विकासाला सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि एक सभासद देत नाही, तो अडेलतट्टू. अर्थात हे उरलेल्यांच्या तोंडी. त्याच्या घरी त्यालाच 'बाणेदार' म्हणत असतील.