मदत हवी आहे: ६०० मिमी लेन्सला दूरचे पक्षी धूसर येतात

हर्णैच्या पुळणीवरून समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या तटावर बसणाऱ्या ब्राह्मणी घारी टिपतोय. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १५०-६०० मिमी झूम लेन्स. पिसांचा तपशील येतच नाही, आणि तटाचे दगड प्रत्येक फ्रेममध्ये वेगळेच वाकलेले.

शटर १/२०००, एफ/८, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, यूव्ही फिल्टर काढलेला, लाइव्ह व्ह्यूत हाताने फोकस. फरक शून्य. बंदरातल्या होड्यांवरच्या घारी मात्र लख्ख येतात, म्हणून लेन्सवर संशय नाही. तापल्या वाळूवरच्या हवेवर आहे. पण सकाळी आठलाही थोडं तसंच होतं.

होडीने जवळ जायचं नाही, पक्षी उडतात (शिवाय खारे तुषार लेन्सवर, ते निस्तरणं वेगळंच). कृपया टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे लावायचं वाढीव भिंग) सुचवू नका, हवाच लहरत असेल तर तीच मोठी दिसेल.

पुळण सोडून किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग किल्ल्याच्या उंचवट्यावरून घेतलं तर लहर कमी होते का, की उजाडताच उरकण्याला पर्याय नाही?