डिझायर घ्यायची तर व्हीएक्सआय, प्लसचे पैसे पाण्यात

रंकाळा_टॉवर
22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला. छोट्या पेट्रोल गाड्यांना सेससकट 29 टक्के होता, तो 18 झाला. तेव्हापासून ओळखीतला जो तो मारुती डिझायरचं टॉप मॉडेल, झेडएक्सआय प्लस, बुक करायला निघालाय, 'आता बसतंय की बजेटात' म्हणत. मॉडेलं चढत्या क्रमानं एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि प्लस. माझं म्हणणं, व्हीएक्सआयच्या वर रुपया घालू नये. सहा एअरबॅग आणि गाडी घसरताना सावरणारी ईएसपी अगदी बेस एलएक्सआयपासून आहेत. इंजिन सगळ्यांना तेच, 1.2 लिटर तीन सिलिंडर. व्हीएक्सआयला सात इंची स्क्रीन आणि मागच्यांना एसीचे व्हेंट मिळतात. मग प्लसमध्ये काय, सनरूफ? एप्रिल-मेमध्ये छत उघडून डोकं भाजून घ्यायचं आणि पावसाळाभर ते बंदच ठेवायचं. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको.

घाटवाला
सनरूफ सोडा हो, कुणी मागितलंय? पण तुम्ही व्हीएक्सआयवरून थेट प्लसवर उडी मारली, मधली झेडएक्सआय गाळली. व्हीएक्सआयला हेडलाइट हॅलोजन, झेडएक्सआयला एलईडी. एकदा ऊस हंगामात रात्री गगनबावडा रोडनं कळ्याहून बालिंग्याकडे या. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, मोळ्या एका अंगाला झुकलेल्या. समोरून डंपर अप्पर मारत येतोय. त्या दोन-चार सेकंदांत ट्रॉलीची कड दिसली तर दिसली. एअरबॅग धडकल्यावर उघडते, उजेड त्याच्या आधी लागतो.

रंकाळा_टॉवर
आख्खी पिढी हॅलोजनवर फोंडा आणि आंबा घाट करून आली. लागलंच तर बाहेरून एलईडी बल्ब टाकून घ्यायचे, किती पैसे लागतात?

घाटवाला
तिथंच घोळ होतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवला की झोत विस्कटतो. आपल्याला पुढचं धड दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो. वायरिंग कापलं तर वॉरंटीवरून शोरूमवाल्याशी भांडण वेगळं. सीट कव्हर, मॅट, स्क्रीन बाहेरून घ्या, खुशाल. दिवे कंपनीचेच हवेत.

मंगळवार_पेठ_काकू
तुम्ही सगळे हायवेवरचे दिसता. आमच्या बोळात दोन्ही बाजूंना मोटारसायकली, एका कडेला उघडं गटार आणि मध्येच कुणाची तरी पायरी पुढे आलेली. तिथून रोज गाडी मागे काढायची. झेडएक्सआयला मागचा कॅमेरा मिळतो, पण गटार असतं बाजूला! प्लसला चारही बाजू दाखवणारा 360 कॅमेरा आहे. मी त्याच्यासाठी प्लस घेईन, सनरूफ वर फुकट आलं समजेन. दोनदा दार घासलं की डेंटिंग-पेंटिंगला किती जातात ते विचारून बघा, मग पैसे पाण्यात म्हणा.

शिरोली_एमआयडीसी
भावांनो, पेट्रोल कोण भरणार ते बोला की! रोज इचलकरंजी ते शिरोली करणाऱ्याला सनरूफ न् कॅमेरा सांगताय व्हय? कंपनीचा आकडा पेट्रोल मॅन्युअलला लिटरला 24.79, सीएनजीला किलोला 33.73. आणि सीएनजी फक्त व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयला मिळतंय. प्लस घेतली की तो विषयच संपला.

घाटवाला
सीएनजीला ताकद 82 पीएसवरून 70 च्या आसपास येते. पाच जण, एसी आणि करूळ घाट, मग दुसरा गिअर सुटत नाही. शिवाय 382 लिटरची डिकी गॅसच्या सिलिंडरनं भरते. सेडान घ्यायची कशाला मग? त्यापेक्षा टाटाची टिगोर बघा. दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, वर बॅगा मावतात, आणि 2024 पासून सीएनजीवर एएमटीही, म्हणजे क्लच न दाबता चालणारी, मिळते.

शिरोली_एमआयडीसी
घाट वर्षातनं दोनदा, कंपनी रोजची. आणि घाटात पेट्रोलचं बटण दाबायला कोण अडवलंय?

चार_सिलिंडर
या सगळ्या भानगडीपेक्षा होंडाची अमेझ घ्या. चार सिलिंडर, 90 पीएस, 416 लिटर डिकी, आणि टॉप झेडएक्सला एडासपण, म्हणजे समोरचा धोका ओळखून स्वतःच ब्रेक मारणारी यंत्रणा.

रंकाळा_टॉवर
एडासला आपला राँग साइडनं येणारा ट्रॅक्टर कोण समजावून सांगणार?

जुना_बाजार
माझा जुन्या गाड्यांचाच धंदा आहे. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं 'टॉप हाय काय?', पण पैसे मोजताना टायर आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघतं. टॉपसाठी मोजलेला फरक विकताना बराच आटतो. आणि डिझायर कशानंही खपते. 2008 ची पहिली चार मीटरपेक्षा लांब होती, डिकी 440 लिटर. चार मीटरच्या आतल्या गाडीला टॅक्स कमी, म्हणून 2012 ला तो वाचवायला शेपूट कापून 3995 मिलिमीटरवर आणली, डिकी 316 झाली. लोकांनी नावं ठेवली आणि रांग लावून घेतली.

रंकाळा_टॉवर
ऐका, टॉपचे पैसे परत येत नाहीत! दिव्यांसाठी कुणी झेडएक्सआय घेतली तर मी भांडणार नाही. प्लसला माझी ना.

मंगळवार_पेठ_काकू
तुमची ना तुमच्यापाशी, गटार आमच्या दारात आहे. बाकी एक सांगते, टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले बहुतेक टॉपचंच मॉडेल पुढे करतात आणि सपाट हायवेवर एक चक्कर मारून आणतात. जी घ्यायची तीच मागा. घरचे चौघे बसवून पन्हाळ्याच्या चढाला न्या.

शिरोली_एमआयडीसी
आणि सीएनजीवरच न्या काकू, एसी लावून.